धावणाऱ्याच्या मागचं घड्याळ

"आता पूर्वीसारखं राहिलं नाही," असं कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. मग ते आंब्याबद्दल असो, शाळेबद्दल असो की नाटकाबद्दल. बायको म्हणते, "लोक आपले सहज बोलतात, तू कशाला एवढा लाल होतोस?" सहज बोलतात हेच तर दुखणं आहे. कोलोनमध्ये एका माणसाने हेच वाक्य असंच सहज टाकलं होतं आणि आमचं तिथलं सगळं बिऱ्हाड त्या वाक्याला लटकलं. तेही कशाबद्दल, तर अमेरिकन फुटबॉलबद्दल!

दोन हजार साल उलटल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी त्याच्या सात-आठ वर्षं आधी पुण्याहून सॉफ्टवेअरवाला म्हणून जर्मनीत गेलो होतो आणि आता ऱ्हाइनच्या काठी, टीव्हीसाठी काम करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत लागलो. तेव्हा दर वसंतात जर्मन शहरांमध्ये अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक सामने होत. अमेरिकेतले बडे क्लब आपली नवी, कच्ची पोरं तिथे खेळायला पाठवत, तयार झाली की परत बोलावून घेत. एक लहानशी क्रीडावाहिनी हे सामने थेट दाखवायची आणि प्रक्षेपणाची तांत्रिक बाजू आमच्या स्टुडिओकडे होती. त्यात माझ्याकडे रिप्ले. एखादी चाल संपली की ती लगेच मागे घेऊन हळू करून दाखवायची, त्यासाठीचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं आणि सामन्याच्या दिवशी ते चालवायलाही मीच बसायचो.

माझा फेअरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, या सामन्यांपुरता होता. जर्मनीत राहण्याचा परवाना त्या करारावर होता. सामने गेले की करार जाणार, करार गेला की परवाना. आयटीचा बाजार तेव्हा बसलेला, दुसरी नोकरी मिळता मिळत नव्हती. लेक नुकतीच पहिलीत जायला लागली होती. तिचा जन्म तिथलाच. आम्ही मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि दोन्ही बाजूंना त्यात काही वावगं वाटत नसे.

सुरुवातीला मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पाट ठेवल्यासारखे पॅड, आणि दर चार-सहा सेकंदांनी शिट्टी वाजून सगळं ठप्प. पण एकच चाल दिवसभर मागेपुढे करून बघणाऱ्या माणसाला खेळ कळायला वेळ लागत नाही. पुढे पुढे मला चेंडू फेकणाऱ्याच्या खांद्यावरून कळायला लागलं की तो कुठे टाकणार आहे. एक गोष्ट मी आधीच मान्य करून टाकतो. आजची पोरं समोरच्याला पाडताना हात टाकून कवेत घेत नाहीत, नुसतं अंग फेकतात आणि आपटून मोकळी होतात. जुन्या लोकांची पकड चांगली होती, हे रिप्लेत मला शंभरदा दिसलं. पण पकड ढिली झाली म्हणजे खेळ बुडाला का? पूर्वी एवढ्या लांबून, एवढ्या नेमकेपणाने चेंडू कोण फेकत होतं? ते कुणी मोजायला तयार नव्हतं.

मोजायला तयार नव्हता तो वाहिनीचा रेडाक्टोर. काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारा माणूस. पन्नाशीचा, उंच, बोलायला अतिशय सभ्य. त्याच्या गावाजवळ अमेरिकी सैन्याचा तळ होता. लहानपणी तो कुंपणाच्या जाळीला नाक लावून सैनिकांचा खेळ बघायचा. तळावरच्या सभागृहात अमेरिकेतल्या सामन्यांच्या फिल्म दाखवत, तिथे एका सैनिकाने त्याला एकदा आत नेऊन बसवलं होतं. हे तो सांगायला लागला की त्याचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा व्हायचा. मला त्याचं कौतुकही वाटायचं. राग आला तो नंतर.

त्या वर्षी मोसमाच्या मध्यावर त्याने आम्हाला बैठकीला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की पुढच्या वर्षीपासून थेट सामने बंद करावेत असा त्याचा विचार आहे. दर्जा घसरलाय, फक्त इथलाच नाही, अमेरिकेतलाही. त्यापेक्षा जुन्या काळातले अमेरिकेतले सामने फिल्मवरून दाखवू. स्वस्त पडेल आणि प्रेक्षकाला खरा खेळ बघायला मिळेल. जुन्या फिल्मला ना कॅमेरे लागतात, ना रिप्ले. म्हणजे मी लागत नाही, हे मला न सांगता कळलं.

"आल्झो, म्हणजे बघा, हे माझं मत नाही," तो म्हणाला, "मी मोजलंय."

खरंच मोजलं होतं. पडद्याच्या डाव्या बाजूला जुन्या काळचा धावपटू, उजव्या बाजूला आजचा. मैदानावरच्या रेषा दोन्हीकडे दिसत होत्या आणि खाली स्टॉपवॉचचे आकडे. तेवढंच अंतर, त्याच जागेवर खेळणारी माणसं. एक जोडी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दर वेळी जुना माणूस पुढे. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत आकडे लावले होते त्याने. निर्णय पंधरवड्याने घ्यायचा ठरला.

मी कँटीनमध्ये त्याला गाठलं. म्हटलं, तुम्ही जुन्या काळातला लग्नाचा अल्बम बघताय आणि तो आजच्या सोमवार सकाळशी ताडून बघताय. तेव्हाचे चिखलात लोळलेले, चेंडू हातातून निसटणारे, झोप आणणारे सामने कुणी जपूनच ठेवले नाहीत. जे उत्तम होतं तेवढंच उरलं. आणि आमच्या पोरांचं मात्र सगळं दाखवता, पडलेलं-धडपडलेलं सगळं.

"हो, हो," तो मान हलवत म्हणाला. "पण घड्याळ खोटं बोलत नाही ना?"

आकडे माझ्याही डोळ्यांसमोर होते.

घरी आलो तर तिथे वेगळाच न्यायाधीश बसलेला. सासरे त्या वेळी पुण्याहून राहायला आले होते. नाना कॉलेजात खो-खो खेळलेले, त्यामुळे जगातल्या एकूण एक खेळावर त्यांचा हक्क. वडील घरात आले की एरवी मला "अरे" म्हणणारी बायको "अहो" म्हणायला लागायची आणि मी आपोआप जावई व्हायचो. मी घरी आणलेल्या टेपा नाना दुपारभर बघायचे.

"जावईबापू, खरं सांगू? या पोरांच्यात दम नाही. ते जुने गडी बघा, काय पळायचे! आता ती माणसंच राहिली नाहीत."

मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. हे गृहस्थ महिन्यापूर्वी तो चेंडू बघून "हे नारळ घेऊन का पळतायत?" असं विचारत होते. कुठला संघ कुठल्या बाजूला पळतो हेही त्यांना धड माहीत नव्हतं. आणि महिन्याभरात त्यांना त्या खेळाची अधोगती दिसायला लागली! खेळ समजायला वेळ लागतो, त्याचा ऱ्हास मात्र माणसाला पहिल्या दिवसापासून समजतो.

"नाना, या खेळावर आमचं इथलं राहणं अवलंबून आहे," मी म्हटलं.

"ते खरं हो. पण म्हणून खोटं कसं बोलायचं?"

बायकोने स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मी टेप बदलायला उठलो.

रविवारी दुपारी मी रेडाक्टोरच्याच जुन्या टेपा घेऊन बसलो. त्याने कुठे चूक केलीय का, रेषा चुकीच्या धरल्यात का, हे शोधायचं म्हणून. लेकीला कंटाळा आला होता, तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं. ती दाबायची, मी बघायचो. मोजमाप अगदी बरोबर निघत होतं. माणूस चोख होता, चूक सापडेना. माझी चिडचिड वाढत चालली.

मग एका टेपवर एक लांबलचक तुकडा आला. चाल संपली होती, खेळाडू पुढच्या चालीसाठी गोळा होत होते आणि कॅमेरावाल्याने फिल्म तशीच चालू ठेवली होती. गोलपोस्टच्या मागे मैदानाचं मोठं घड्याळ दिसत होतं. त्या खेळात घड्याळ उलटं चालतं, मिनिटं कमी कमी होत जातात. लेक स्टॉपवॉच घेऊनच बसलेली, तिला वाटलं आता हे मोजायचं. तिने मोजलं आणि मैदानावरचं मिनिट लवकर संपलं म्हणून ती खिदळायला लागली. मी म्हटलं, तू उशिरा दाबलंस. तिने परत मोजलं. परत तेच. मैदानाचं घड्याळ आमच्या घड्याळाला मागे टाकत होतं, दर वेळी तेवढंच.

मी ताडकन उठलो. ही गोष्ट आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच ती कुणाच्या लक्षात येत नाही. जुने सामने फिल्मवर चित्रित व्हायचे. फिल्मवर सेकंदाला चोवीस चित्रं असतात. जर्मन टीव्हीवर सेकंदाला पंचवीस लागतात. फिल्म टेपवर उतरवताना इथली पद्धत अशी, की चित्रामागे चित्र लावत जायचं. मग प्रत्येक सेकंदात पुढच्या सेकंदातलं एक चित्र येऊन बसतं आणि सगळं काही जरासं भरभर चालतं. सिनेमा बघताना कुणाला पत्ता लागत नाही. आजचे सामने मात्र फिल्मवर नसतातच, ते टीव्हीच्या कॅमेऱ्याने घेतलेले असतात. त्यांचा वेग बदलत नाही. म्हणजे रेडाक्टोरच्या प्रत्येक जुन्या वीराला दर पावलाला पाठीमागून फुकटचा धक्का मिळत होता. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या त्या माणसाने धावणारा मोजला, त्याच्या मागचं घड्याळ मोजलं नाही. अख्ख्या देशात हे जुने सामने वर्षानुवर्षं टीव्हीवर असेच पाहिले गेले होते. जर्मनीतल्या त्या सगळ्या लोकांना जो जुना जोश आठवत होता, त्यातला थोडा यंत्राचा होता!

मी नानांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे ते गडी हळू होते म्हणता?"

"हळू नाही नाना. आत्ताच्या पोरांएवढेच होते."

"छे!" त्यांनी हात झटकला. "तुम्ही मशीनमध्ये काहीतरी खटपट केलीत."

मी त्यांच्यावर रागावलो नाही, कारण माझं सगळं लक्ष बैठकीकडे लागलं होतं. पुरावा हातात होता. आठवडाभर मी ऑफिसला तरंगत गेलो. बायकोला म्हटलं, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरच्या पोहण्याच्या वर्गात लेकीचं नाव घालून टाक.

बैठकीत मी आधी मैदानाचं घड्याळ दाखवलं, मग जुन्या तुकड्यांचा वेग मूळ पदावर आणून त्याच जोड्या परत लावल्या. डावीकडचा आणि उजवीकडचा बरोबरीने धावले. एका जोडीत आजचा पोरगा नाकभर पुढे गेला. रेडाक्टोर उठला, पडद्याजवळ आला, स्वतःच्या घड्याळाने स्वतः मोजलं. परत मोजलं. मग माझ्याकडे वळला.

"गेनाऊ," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. माझी चूक झाली."

असं सरळ मान्य करणारा माणूस मी आपल्याकडे फार कमी पाहिलाय. मला वाटलं, जिंकलो. त्याने खुर्चीत बसून चष्मा पुसला.

"पण प्रश्न आकड्यांचा नाहीच," तो म्हणाला. "प्रश्न भावनेचा आहे. लोकांना खेळ घसरलाय असं वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं जर्मन रागात नेहमीच लंगडं होतं, तसं ते झालं, पण मी बोललो. म्हटलं, घड्याळ तुमच्या बाजूने होतं तोवर तो पुरावा होता, आणि आता उलटल्यावर भावना? पंधरा दिवसांपूर्वी कुठे होती ही भावना? लोकांना वाटतं ते तुमच्या चुकीच्या टेपा बघून वाटतं! माझा आवाज इतका चढला की बाहेरच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. तिथे असं कुणी ओरडत नाही. त्याने ओरडू दिलं आणि मग हळू आवाजात सुचवलं की आपण प्रेक्षकांनाच विचारू. एक जुना सामना तुमच्या दुरुस्त वेगाने दाखवू.

दाखवला. एका शनिवारी दुपारी. सामना संपायच्या आत वाहिनीचे फोन वाजायला लागले. लोक चिडले होते. आमच्या खेळाडूंना मुद्दाम हळू करून दाखवलंत, ही कसली बदमाशी, म्हणत होते. एकाचा फोन माझ्याकडे जोडून दिला. तो म्हणाला, मी हाच सामना लहानपणी पाहिलाय, तेव्हा तो किती वेगवान होता हे मला नीट आठवतंय.

कुठे पाहिला होतास बाबा? याच देशात, याच टीव्हीवर, त्याच चुकलेल्या वेगाने! पण हे त्याला पटवणार कसं? खोटं एकदा लहानपणी डोळ्यांत गेलं की पुढे खरं तेच खोटं दिसतं. मी समजावत राहिलो आणि तो माझ्या उच्चारावरून मी कुठला आहे असं विचारत राहिला. शेवटी मी फोन ठेवला.

सोमवारी निरोप आला की जुने सामने पूर्वीच्याच वेगाने दाखवायचे, पुढच्या वर्षी फक्त तेच दाखवायचे. थेट सामने बंद. रेडाक्टोरने स्वतः येऊन सांगितलं, माझा हातही हातात घेतला. तुमचं तांत्रिक म्हणणं पूर्णपणे योग्य होतं, हे तो दोनदा म्हणाला. मला ते ऐकताना त्याच्या हातातून हात खेचून घ्यावासा वाटत होता.

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच शहरात होता. अखेरच्या काही मिनिटांत एका पोराने मैदानाच्या कडेला, पाय रेषेच्या आत ठेवून, अंग पूर्ण बाहेर झोकून एका हाताने चेंडू पकडला. असला झेल मी जुन्या-नव्या कुठल्याच टेपवर पाहिला नव्हता. मी तो मागे घेतला, हळू केला, तीन बाजूंनी दाखवला. स्टेडियम उभं राहिलं. माझ्या मागे रेडाक्टोर उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता, डोळ्यांत पाणी.

"अगदी पूर्वीसारखं!" तो म्हणाला.

मला त्याची दया यायला हवी होती. नाही आली. आजही येत नाही. समोर आजचा पोरगा आजच्या दिवशी जीव ओतत होता आणि या माणसाने ती शाबासकीसुद्धा उचलून मेलेल्या काळाच्या झोळीत टाकली. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि पुढच्या चालीसाठी परत चढवला, कारण सामना अजून संपायचा होता.

लेकीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी ती दूध-कॉर्नफ्लेक्स खात होती. नाना परत गेले होते, म्हणून बायको मला पुन्हा "अरे" म्हणत होती.

"आपण पुण्याला राहायला जायचंय," मी म्हटलं.

"वारुम?"

का, तर ज्या सामन्यांचं काम बाबा करतो ते बंद होणार. ते का, तर काही लोकांना वाटतं की खेळ आता पूर्वीइतका चांगला राहिला नाही. तिने चमचा थांबवला. खरंच वाईट झालाय का, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही."

मग तू त्यांना सांगितलं नाहीस का?

"सांगितलं."

मग ते काय म्हणाले?

"म्हणाले, तुझं बरोबर आहे."

बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. "अरे, नीट सांग ना तिला," ती म्हणाली. पण मी नीटच सांगितलं होतं, झालं होतं तेच सांगितलं होतं. लेकीने वाटीतलं दूध संपवलं. दप्तर पाठीला लावलं, बूट घातले आणि शाळेत गेली.

दुपारी तिला आणायला गेलो तर तिच्या बाई दाराशीच थांबल्या होत्या. बिचाऱ्या जरा गोंधळलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, तुम्ही जर्मनी सोडून जाताय असं तिने आज वर्गात सगळ्यांना सांगितलं. मी मान डोलावली.

"मी तिला कारण विचारलं," बाई म्हणाल्या. "तर ती म्हणाली, आम्हाला जावं लागतंय, कारण माझ्या बाबाचं बरोबर होतं."